गुहागरचा गडगा आणि आमचा खंड्या

कोकणातून परत येताना तुम्ही काय काय आणता हो? आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसाची साठं, आणि जागा उरलीच तर हापूसची एखादी पेटी. दर मे महिन्यात आमचीही गाडी अशीच भरून यायची. 2024 च्या मे महिन्यात मात्र हे सगळं तर आणलंच, शिवाय हाऱ्यात बसवून आठ आठवड्यांचं एक काळंभोर पिल्लू आणलं आणि वहीच्या चार पानांवर कुंपणाची चित्रं काढून आणली.

कुंपणाची चित्रं? असं आमच्या शाळेतल्या बाईंनीही डोळे मोठे करून विचारलं. त्यांना मधल्या सुट्टीत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. तुम्हाला जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी कित्येकींच्या घरी मुलांनी "आई, आपण कुत्रं पाळू या ना" असा धोशा लावलेला असणार.

आमचं घर सांगलीला. पुढे-मागे थोडी बाग आणि भोवती चार फुटी भिंत. 2019 च्या महापुरात कृष्णेचं पाणी आमच्या अंगणात कमरेएवढं चढलं होतं. ते ओसरल्यावर मागच्या भिंतीचा एक कोपरा खचला आणि तिथे हात-दीड हात खिंडार पडलं. घर धुणं, भांडी-कपडे वाळवणं, धान्य टाकून देणं यातच त्या वेळी इतका पैसा आणि जीव गेला, की भिंत "पुढच्या वर्षी बांधू" यावर राहिली. खिंडारापुढे एक पत्रा उभा केला आणि पत्र्याला दगड टेकवला. ही "पुढच्या वर्षी"ची कामं आपल्या संसारात किती वर्षं उभी असतात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

त्या घरात 2022 साली मोती आला. चार महिन्यांचा होता. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी पत्र्याला दगड नीट लावायचा, हे काम आमच्या चिरंजीवांचं. वय वर्षं दहा. डिसेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी शेजारच्या वहिनी धावत आल्या. मोती रस्त्यावर गेला होता. साखर कारखान्यांचा हंगाम, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. पुढचं लिहीत नाही.

सगळेजण मागे धावले, तर पत्रा कलंडलेला आणि दगड बाजूला. "पत्र्यातून गेला," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दगड लावायचा त्या दिवशी चिरंजीव विसरला होता, हे खरंच होतं. पोर दोन दिवस जेवलं नाही.

आता जे सांगणार आहे, ते त्या वेळी मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले, तेव्हा पुढचं फाटक वीतभर उघडं होतं. सकाळी निघताना एका हातात पेपरांचा गठ्ठा, दुसऱ्यात पर्स आणि डबा. फाटक मी पायानंच लोटलं होतं. कडी पडली की नाही, ते वळून पाहिलं नव्हतं. आल्यावर सवयीनं कडी लावली आणि आत जाऊन पदर खोचला, तेवढ्यात वहिनी आल्या. मग पत्रा सापडला आणि माझे शब्द तोंडातच राहिले. पहिल्या दिवशी बोलले नाही, मग आठवडा गेला, आणि मग बोलायचं कसं तेच कळेना. अशी दीड वर्षं गेली.

मार्च संपता संपता गुहागरहून आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या आतेसासूबाईंचा, फोन आला. त्यांच्या काळीला पाच पिल्लं झाली होती, त्यातलं एक मेमध्ये घेऊन जा म्हणाल्या. मी चिरंजीवांच्या हाती फोन दिला. तो शांतपणे म्हणाला, "नको आत्याआजी. माझ्याच्यानं लक्ष राहत नाही." आणि फोन माझ्याकडे देऊन अभ्यासाला बसला.

त्या रात्री मला काही झोप लागली नाही.

मे महिन्यात आम्ही निघालो. हे, मी, सासूबाई आणि चिरंजीव. कराडला नाश्ता, पुढे पाटण, कोयनानगर. कोयनानगर आलं की सासूबाई 1967 च्या डिसेंबरातल्या भूकंपाची गोष्ट न चुकता सांगतात, ती ऐकत ऐकत कुंभार्ली घाट उतरायचा. घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते आणि माती लाल होते. चिपळूणपासून गुहागर सुमारे 45 किलोमीटर. मार्गताम्हाने, शृंगारतळी अशी गावं मागे पडतात आणि शेवटच्या उतारावर माडांच्या शेंड्यांपलीकडे समुद्र दिसतो.

गुहागर तुम्ही पाहिलं नसेल तर जरूर पाहा. गावाची बांधणीच वेगळी. समुद्राला समांतर असा एक लांबच लांब रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं. वरचा पाट, खालचा पाट अशी वस्त्यांची नावं. मध्यावर व्याडेश्वराचं देऊळ. समुद्राकडच्या अंगाला घर असेल तर पुढे ओटी, मागे माजघर, न्हाणी, विहीर आणि त्यामागे माडा-पोफळींचं आगर थेट पुळणीपर्यंत गेलेलं. पलीकडे सुरूची झाडं, मग वाळू, मग पाणी. भर दुपारीही आगरात शिरलं की पोफळींच्या सावलीत डोळ्यांना गार वाटतं. पूर्वी रहाटाची कुरकुर ऐकू यायची असं सासूबाई सांगतात. आता बहुतेक ठिकाणी पंप आहेत.

गावात उफराटा गणपती आहे. गणपतीचं तोंड पश्चिमेला, समुद्राकडे. समुद्र गावात शिरू लागला तेव्हा भक्तांच्या हाकेसरशी मूर्ती वळली आणि तिनं समुद्र थोपवला, अशी कथा सांगतात. दर्शन घेऊन बाहेर आलो तर चिरंजीव म्हणतो कसा, "म्हणजे हा गावाचा गडगा." सासूबाईंनी त्याला दटावलं, पण मला काही ते चूक वाटलं नाही.

गडगा म्हणजे काय, ते घाटावरच्या मैत्रिणींसाठी सांगते. जांभ्याचे ओबडधोबड दगड एकावर एक रचून केलेली कमरे-छातीएवढी भिंत. चुना नाही, सिमेंट नाही. दगडाच्या खाचेत दगड बसवायचा आणि फटीत चिप ठोकायची. पावसात तो कुठेतरी ढासळतोच आणि पाऊस उघडला की पुन्हा रचायचा. आता पुष्कळ जणांनी घडीव चिऱ्यांच्या पक्क्या भिंती घातल्यात, वर काटेरी तारा. दिसायला भारदस्त, पण मला गडगाच आवडतो. त्यावर शेवाळ वाळून जी काळी-लाल रंगत येते, ती काही रंगाच्या डब्यात मिळत नाही.

आत्याबाईंचं वय सत्तरीच्या पुढचं. नऊवारी सोडून गाऊनवर आल्या, पण कमरेला कोयता खोचायची सवय सुटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज म्हटलं, "आत्याबाई, पिल्लू न्यायचं खरं, पण आमचं कुंपण धड नाही. तुमची पिल्लं बाहेर कशी जात नाहीत?" त्या हसल्या. आत जाऊन नारळाची एक करवंटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चल, फेरी मारायची वेळ झालीच आहे."

मैत्रिणींनो, करवंटीचं हे शास्त्र लक्षात ठेवा. करवंटीचं तोंड साधारण साडेतीन इंचांचं. जिथून करवंटी पलीकडे जाते, तिथून दोन महिन्यांचं पिल्लू जातं. कारण डोकं गेलं की अंग जातंच. पिल्लाचं पोट कितीही टम्म दिसलं तरी त्याला हाडांची अडचण नसते. आत्याबाई गडग्याच्या कडेकडेनं उकिडव्या बसून सरकत होत्या आणि दर फटीला करवंटी लावून पाहत होत्या. मी आपली उभी राहून पाहत होते. तर म्हणाल्या, "अगं, उभ्यानं काय दिसणार? खाली बस. पिल्लू काय पाच फूट उंच आहे?"

बसले, आणि खरोखर निराळंच आगर दिसलं. वरून सलग दिसणाऱ्या गडग्याला पायथ्याशी दोन-तीन ठिकाणी पावसाचं पाणी जायला वाटा ठेवलेल्या होत्या. उभ्या माणसाला त्या नेच्यांमुळे दिसतच नाहीत. प्रत्येक वाटेत तिरपे चिरे असे रोवलेले, की पाणी जावं पण पिल्लू जाऊ नये. पुळणीकडच्या बाजूला तर जमीन म्हणजे नुसती वाळू. पिल्लानं दोन पायांनी पाच मिनिटं उकरलं की भुयार तयार! तिथे पायथ्याशी आतल्या अंगाला चिऱ्यांची एक ओळ निम्मी वाळूत पुरलेली होती. पिल्लू कुंपणाच्या अगदी बुडाशीच उकरतं, हात-दीड हात मागे सरून उकरावं ही अक्कल त्याला नसते. तेव्हा नेमकं बुडाशी त्याच्या नखांना दगड लागला पाहिजे. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, खाली चित्र काढलं.

बाजूच्या वाडीच्या बाजूला गडगा नव्हता. तिथे पांगाऱ्याचे आणि भेंडाचे खुंट पुरलेले. ते खुंट पावसाळ्यात फुटतात, म्हणजे खांबच झाड होतात आणि कुजत नाहीत. खुंटांना आडव्या कामट्या, आणि खालच्या दोन फुटांना माडाचे विणलेले झाप सुंभानं बांधलेले. मी विचारलं, "झाप तर कुत्रं फाडील की!" तर त्या म्हणाल्या, "फाडील, पण त्याला पलीकडचं दिसत नाही गो. दिसलं नाही की ओढ लागत नाही." तुम्ही करून पाहा. गजांचं फाटक असलं की पिल्लू दिवसभर नाक बाहेर काढून उभं राहतं. त्यालाच खालून दोन फूट काही आडोसा लावला, तर ते तासाभरात दुसरीकडे खेळायला जातं.

आणि रस्त्याकडचं बेडं! दोन खांबांना भोकं, त्यात आडवे वासे सरकवलेले. गाय अडते, माणूस वासे सरकवून आत येतो, पण पिल्लाला खालून मोकळं रान. म्हणून आत्याबाईंनी बेड्यापासून दहा पावलं आत खळ्याच्या तोंडाशी दुसरं एक लहानसं कवाड बसवलं होतं. गुडघ्याहून थोडं उंच. त्याला एक दोरी, दोरी खांबावरच्या खोबणीतून पलीकडे आणि तिच्या टोकाला नारळाएवढा दगड. कवाड ढकलून तुम्ही आत आलात की दगडाच्या ओझ्यानं ते आपोआप मिटतं. मी तीनदा उघडून पाहिलं. तिन्ही वेळा ते माझ्या मागे खट्ट करून बंद झालं.

"माणूस विसरतो, धोंडा विसरत नाही," त्या म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

तिथून आम्ही विहिरीवर गेलो. विहिरीला चिऱ्यांचा कठडा आणि वर लोखंडी जाळीचं झाकण. कठड्यावर टेकून आत्याबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पूर्वी इथे कठडा हातभरच होता, आणि फळ्यांचं झाकण. एकदा झाकण उघडं राहिलं आणि पिल्लू पडलं. सकाळी पाणी काढताना दिसलं. मी आमच्या गड्याला इतकं बोलले, इतकं बोलले! तो मान खाली घालून उभा. वास्तविक संध्याकाळी कळशी भरायला मीच आले होते. हे मला दोन दिवसांनी आठवलं. पण मग त्याला काय म्हणून सांगायचं, म्हणून राहिलं. तो जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली."

एवढं बोलून त्या उठल्या आणि रात्रीच्या भाजीसाठी अळू कापायला लागल्या. मी तिथेच बसून राहिले. त्यांना आमच्या फाटकाची गोष्ट मुळीच ठाऊक नव्हती.

रात्रीचं एक सांगायचं राहिलं. दिवेलागण झाली की काळी आणि तिची पिल्लं पडवीत. पडवीला लाकडी गज आणि दाराला आडणा. कोकणात बिबट्या कुत्री उचलतो, आणि त्याच्यापुढे चार फुटांचा गडगा काय किंवा सहा फुटांची भिंत काय, सारखंच. तेव्हा कुंपण हे दिवसाचं. रात्री पिल्लू घरातच हवं. आता सांगलीसारख्या गावातही, विशेषतः उसाच्या फडांलगत ज्यांची घरं आहेत त्यांनी हे मनावर घ्यावं, कारण बिबट्या उसात मुक्काम करायला शिकला आहे.

चार दिवस चिरंजीव पिल्लांकडे फारसा फिरकला नाही. लांबून पाहायचा. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यातलं सर्वांत काळं पिल्लू आपणहून त्याच्या चपलेवर येऊन झोपलं. तो अर्धा तास पाय न हलवता बसून होता. मग मला म्हणाला, "याला न्यायचं असेल तर आधी पत्रा काढून भिंत बांधायची. नाहीतर नाही." नावही त्यानंच ठेवलं, खंड्या.

प्रवासात खंड्याला उपाशीच ठेवलं, फक्त पाणी. तरी घाटात एकदा ओकारी झालीच. हाऱ्यात त्याच्या आईच्या अंगाखालचं जुनं गोणपाट घातलं होतं, त्या वासानं तो बरा शांत राहिला. सांगलीला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन पहिली लस दिली. लसींचे सगळे डोस होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावरच्या कुत्र्यांत जाऊ द्यायचं नाही, आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर. तेव्हा कुंपण हे नुसतं गाड्यांपासून वाचवायला नसतं, रोगांपासूनही असतं.

मग आमचं कुंपणपर्व सुरू झालं. भिंत बांधून होईपर्यंत खंड्या स्वयंपाकघरामागच्या व्हरांड्यातच, दाराला आडवी फळी लावून. मागचा कोपरा गवंडी बोलावून नीट पाया खणून बांधून घेतला. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे वरवर बांधलेलं काहीही वर्षा-दोन वर्षांत तिरकं होतं. पाच वर्षांचा तो पत्रा भंगारवाल्यानं नेला. चिरंजीव गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहत होता.

मग करवंटी घेऊन आम्ही दोघं उकिडवे फिरलो. मोरीचं भोक, पाण्याच्या मीटरची खाच, शेजारच्यांच्या आणि आमच्या भिंतीमधली सांध, एकूण सात जागा निघाल्या. एरवी त्याच बागेत मी रोज झाडांना पाणी घालत होते! मोरीला लोखंडी जाळी बसवली, पण ती काढता-घालता येईल अशी. नाहीतर पावसात पानं अडकून अंगण तुंबतं.

पूर्वेच्या बाजूला आमची भिंत नाही, नुसती कोयनेलची मेंढ आहे. वरून दाट हिरवी, खाली मात्र खोडंच खोडं आणि मधून खुशाल वाट. तिथे तीन फुटी जाळी लावली. जाळी घेताना काळजी घ्या. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी पातळ जाळी स्वस्त पडते, पण पिल्लाला दात आले, अंगात जोर आला की ती फाटते आणि फाटलेल्या तारा डोळ्याला लागतात. वेल्ड केलेली एक इंची चौकोनी जाळी घ्या, जस्ताचा मुलामा दिलेली. खालचा फूटभर भाग काटकोनात वळवून बागेच्या आतल्या बाजूला जमिनीवर पसरा, वर माती आणि विटा टाका. गुहागरच्या वाळूतल्या चिऱ्यांची ही सांगलीतली आवृत्ती! दोन महिन्यांत त्यावर गवत येतं आणि जाळी दिसतही नाही. तारांची कापलेली टोकं पक्कडीनं वळवून बाहेरच्या बाजूला करा. काटेरी तार आणि भिंतीवरच्या काचा मात्र नकोतच. चोर येतो की नाही देव जाणे, आपल्याच पोरांचे आणि जनावरांचे पाय कापतात.

कुंपणाला लावलेली झाडंही पाहून घ्या. पिल्लू दिसेल ते चावतं. माझी लाडकी लाल कण्हेर आणि कोपऱ्यातली बिट्टी दोन्ही विषारी, काढावी लागली. शेराचं कुंपण असेल तर त्याचा चीक डोळ्याला फार वाईट. मोगली एरंडाच्या बियाही तशाच. कण्हेर काढताना मला जरा वाईट वाटलं. देवाला फुलं आता जास्वंदीची.

राहिलं फाटक. ते मी मुद्दामच शेवटी ठेवलं होतं असं आता वाटतं.

गजांमधलं अंतर मोजलं तर साडेचार इंच, आणि खाली गाडीच्या उतारामुळे पाच इंच मोकळं. खाली सिमेंटचा छोटासा उंबरठा केला. खालच्या दोन फुटांना जाळी आणि तिच्या आतून जुन्या ताडपत्रीचा आडोसा लावायचं ठरलं. एका रविवारी सकाळी मी आणि चिरंजीव ती जाळी तारेनं फाटकाला शिवत बसलो होतो. तो आतून तार ओवायचा, मी बाहेरून पिळायची. मधे गज. तो म्हणाला, "पत्रा आधीच काढला असता तर मोती गेला नसता ना?"

मी म्हटलं, "मोती पत्र्यातून गेला नव्हता रे. निदान मला तसं वाटत नाही." आणि मग सगळं सांगितलं. पेपरांचा गठ्ठा, पायानं लोटलेलं फाटक, दुपारी लावलेली कडी, सगळं.

त्यानं तार ओवणं थांबवलं नाही. बऱ्याच वेळानं विचारलं, "तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही, आणि खरंही तेच होतं.

तो आणखी दोन टाके घालून उठला आणि आत निघून गेला. उरलेली जाळी मी एकटीनंच शिवली. जेवताना तो माझ्याशी बोलला नाही, रात्रीही नाही. ह्यांना रात्री सांगितलं. ते म्हणाले, "मला थोडं वाटलंच होतं." म्हणजे बघा!

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर फाटकाला पांढऱ्या पुठ्ठ्याची पाटी टांगलेली. तिच्यावर ठळक अक्षरांत: "कडी पडली का? हातानं ओढून बघा." बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "हे कोणासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी."

पण नुसत्या पाटीवर भागत नाही. घरात दूधवाला येतो, गॅसवाला येतो, शिकवणीची पोरं येतात. एकाच दारावर सगळी भिस्त ठेवली की ते दार एका माणसाच्या आठवणीवर टांगलेलं असतं. म्हणून व्हरांड्याच्या पायऱ्यांपाशी आत्याबाईंसारखं दुसरं बुटकं कवाड केलं. जुन्या पलंगाच्या पट्ट्यांचं. दोरीला धोंड्याऐवजी सासऱ्यांच्या वेळचं दोन किलोचं लोखंडी वजन. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी राहायची नाहीत, हा घरचा कायदा. सासूबाईंना वाकून कवाड उघडताना त्रास होतो, म्हणून खिट्टी वर घेतली. सगळं मिळून साडेनऊ हजार रुपये खर्च आला, त्यात निम्म्याहून अधिक मागच्या भिंतीचे. यंदा दिवाळीला मी साडी घेतली नाही.

खंड्या आता वर्षाचा झाला. करवंटीतून जाईल असं त्याचं डोकं राहिलेलं नाही, तर त्याला उडी सापडली! भिंतीलगत कपडे धुवायचा दगड होता, त्यावरून टाकी, टाकीवरून भिंत, अशी त्यानं पायरी केली. धुण्याचा दगड चार हात आत सरकवला आणि टाकीच्या बाजूच्या भिंतीवर दोन फूट जाळी आतल्या बाजूला तिरपी झुकवून लावली. तेव्हा भिंतीलगत लाकडं, कुंड्यांची उतरंड, विटांचा ढीग काही ठेवू नका.

तरी रविवारची फेरी आमची चालूच आहे, करवंटीसकट. कारण दर पावसात कुठे वीट सरकते, कुठे घुशी उकरतात. कालच्या फेरीत मोरीच्या जाळीचा एक कोपरा सैल निघाला. चिरंजीव पक्कड शोधायला आत गेले. खंड्या त्यांच्या मागोमाग, आणि बुटकं कवाड त्यांच्या मागे खट्ट करून मिटलं.